गोल्फ स्विंगमध्ये हिप कसे फिरवायचे: सोलापुरात गच्चीवर शिकणाऱ्यांसाठी

सोलापुरात गोल्फ शिकतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, अरे पण खेळणार कुठं? पुण्याचे गोल्फ कोर्स, म्हणजे मैदानं, अडीचशे किलोमीटरवर, रोज काय उठून जाता येतंय का. मी बराचसा असाच शिकलो, गच्चीवर नि भिंतीसमोर, आणि अधूनमधून पुण्याला जाऊन तिथल्या प्रोकडून, म्हणजे शिकवणाऱ्या व्यावसायिक खेळाडूकडून, तपासून घेत. आता खात्रीनं सांगतो, हिपची, म्हणजे कुल्ले नि खुब्यांच्या भागाची, हालचाल शिकायची असेल तर समोर बॉल नसणं हा फायदाच आहे. बॉल असला की आपलं सगळं लक्ष तो कुठं गेला तिकडं जातं, अंग वाट्टेल ती तडजोड करून बॉल उडवतं, आणि ती तडजोड एकदा अंगात मुरली की काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून आधी नुसतं अंग शिकवा, बॉल नंतर.

खालचं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी उलटं वाचा.

काय काय लागतं

फार काही नाही. एक ७ नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा गोल्फ क्लब, जुनी सेकंडहँड चालेल. दोन सरळ काठ्या, त्यासाठी ब्रँडेड अलाइनमेंट स्टिक मागवू नका, हार्डवेअरच्या दुकानात वायरिंगचा पीव्हीसी पाइप मिळतो तो चार-चार फुटाचा कापून घ्या. न सरकणारी जाड मॅट, एक मोकळी भिंत, बिनहाताची खुर्ची, स्लो मोशनवाला मोबाईल आणि तो उभा करायला ट्रायपॉड किंवा स्टूल. फोमचे हलके बॉल नंतर लागतील. बुटाची पकड चांगली पायजे, गच्चीच्या फरशीवर मोजे घालून स्विंग करू नका, पाय सटकला तर गुडघा जातो.

हिप ट्रेनरचे पट्टे, रबर बँडवाले जॅकेट वगैरे जाहिराती दिसतील. सुरुवातीला त्यातलं काहीही घेऊ नका. भिंत जे सांगते तेवढं त्यातलं एकही सांगत नाही, नि भिंत फुकट आहे.

१. आधी आपले खुबे किती फिरतात ते बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मग महिनोन् महिने व्हिडिओ बघून वैतागतात. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागं नेताना, उजवा खुबा आतल्या बाजूला फिरावा लागतो, आणि बॉलला मारून पुढं जाताना डावा. खुबा फिरला नाही तर शरीर ते फिरणं दुसरीकडून काढतं, म्हणजे पाठीच्या खालच्या मणक्यातून, आणि तो भाग मुळात फार थोडाच फिरतो. गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त दुखणं कमरेचंच असतं, त्यामागचं एक मोठं कारण हे.

टेस्ट सोपी आहे. खुर्चीवर ताठ बसा, गुडघे काटकोनात, दोन्ही गुडघ्यांमध्ये एक मूठ अंतर. गुडघा जागेवर ठेवून उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला जितकं जाईल तितकं उचला, बूड खुर्चीवरून उचलू द्यायचं नाही. नडगी उभ्या रेषेपासून साधारण ३५ ते ४५ अंश बाहेर गेली तर चांगलं. २०-२५ ला अडकली तर खुबा कडक आहे. मग डावा बघा, दोन्ही सारखे असतीलच असं नाही.

इथं आपल्या लोकांची हमखास फसगत होते. आपण लहानपणापासून मांडी घालून जेवायला बसतो, त्यामुळं वाटतं आपले खुबे मोकळे आहेत. पण मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला फिरतो, आणि गोल्फला लागतो तो आतल्या बाजूचा. तासभर मांडी घालून आरामात बसणारा माणूस या टेस्टला २० अंशावर अडकलेला मी पाहिलाय.

कडक असेल तर रोज पाच-दहा मिनिटं ९०-९० करा. जमिनीवर बसून एक पाय पुढं काटकोनात, दुसरा बाजूला काटकोनात, आणि हळूहळू दोन्ही गुडघे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचे. जोर लावायचा नाही. तोपर्यंत एक उपाय आहे, पावलं थोडी बाहेर वळवून उभे रहा. डावं पाऊल २० ते ३० अंश बाहेर वळवलं की पुढच्या फिरण्याला जागा मिळते, उजवं थोडं वळवलं की मागच्या. खुबा, गुडघा किंवा कमरेचं जुनं दुखणं असेल, मणक्याची गादी सरकलेली असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरला नाहीतर फिजिओला विचारा, हे वाचून सुरू करू नका.

२. उभं राहणं

खुब्यातून वाकायचं, पोटातून किंवा पाठीतून नाही. पाइपचा तुकडा पाठीला उभा धरा, डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी तो टेकला पायजे. तिन्ही जागा टेकलेल्या ठेवून बूड मागं न्या नि पुढं झुका. पाइप कुठूनही सुटला म्हणजे पाठ वाकली. गुडघे किंचित सैल, खुर्चीत बसल्यासारखे खूप वाकवायचे नाहीत. वजन पावलाच्या मधोमध. चवड्यावर गेलं की पुढं पायरी ५ मधली भानगड सुरू होते. ७ नंबरला पावलांमधलं अंतर खांद्याएवढं किंवा थोडं कमी. बास, यात अजून जास्त डोकं घालू नका.

३. बॅकस्विंग: उजवा खिसा मागं

पाण्याच्या पिंपात कमरेपर्यंत उभे आहात असं समजा, सोलापुरात पिंप कसं असतं ते सांगायला नको. त्या पिंपाच्या कडेला न आपटता आत फिरायचं. उजवीकडं सरकलात तर कड लागते, फिरलात तर लागत नाही. बॅकस्विंगचं हिपचं काम एवढंच आहे.

आता भिंतीचा ड्रिल. भिंतीकडं पाठ करून, पायरी २ प्रमाणं वाकून उभे रहा, दोन्ही कुल्ले भिंतीला हलके टेकलेले. हात छातीवर दुमडून घ्या, क्लब नको. आता पँटचा उजवा मागचा खिसा भिंतीला घासत तुमच्या डाव्या बाजूकडं न्यायचा, तसं करताना डावा कुल्ला भिंतीपासून सुटला पायजे. बेल्टचं बक्कल साधारण ४०-४५ अंश उजवीकडं वळलं की झालं. खांदे मात्र ९० अंशाच्या आसपास जातात, म्हणजे हिपच्या दुप्पट. वयानं किंवा कडकपणामुळं खांदे तेवढे जात नसतील तर हिप थोडे जास्त फिरू द्या, काही बिघडत नाही.

उजवा गुडघा तसाच वाकलेला धरून ठेवा असं अजून बरेच जण सांगतात. बहुतेकांना त्याचा त्रासच होतो. उजवा पाय थोडा सरळ होतो, डावा गुडघा थोडा जास्त वाकतो, उजवा हिप डाव्यापेक्षा जरा वर जातो, आणि त्यामुळंच तर फिरायला जागा मिळते. पूर्ण ताठ करून लॉक मात्र करू नका. डावी टाच उचलली गेली तरी घाबरू नका, जॅक निकलॉस आयुष्यभर डावी टाच उचलून खेळला आणि १८ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकला.

सापळा: सरकणं. फिरण्याऐवजी सगळं बूड उजवीकडं जातं, वजन उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतं. एक पाइप उजव्या पावलाच्या बाहेर मॅटच्या कडेला उभा करा, खाली मातीची कुंडी किंवा विटा लावून. हिप त्याला लागला म्हणजे सरकलात. वजन उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला जाणवलं पायजे, हीच खूण धरून चला.

४. खाली येताना: आधी डावा पाय, मग फिरणं

हा सगळ्यात अवघड भाग, इथं वेळ द्या. डाऊनस्विंग पाव सेकंदाच्या आसपास संपतो, तेवढ्यात विचार करून काही करता येत नाही, म्हणून क्रम आधीच अंगात बसलेला पायजे. क्रम असा, दाब डाव्या पायावर, मग हिप, मग छाती, मग हात, शेवटी क्लब. आणि दाब डावीकडं जायला सुरुवात होते ती बॅकस्विंग पूर्ण संपायच्या जरा आधीच, म्हणजे क्लब अजून मागं जात असतो आणि खालचं अंग पुढं निघालेलं असतं. वाचायला विचित्र वाटतं पण करून बघा, त्याशिवाय कळत नाही.

स्टेप ड्रिल करा. दोन्ही पावलं जवळ घेऊन उभे रहा, क्लब मागं न्या, आणि क्लब वर पोचायच्या आधी डावं पाऊल डावीकडं नेहमीच्या जागी टाका नि मग फिरा. सुरुवातीला एकदम हळू, मनात मोजत. लय जमली की तेच पाऊल न उचलता करायचं.

आपण जवळजवळ सगळे क्रिकेट खेळून आलेलो. सोलापूरच्या होम मैदानावर नाहीतर गल्लीत फ्रंटफूटवर ड्राइव्ह मारायची सवय, त्यात डोकं आणि खांदा बॉलवर घेऊन सगळं अंग पुढं जातं. पाऊल पुढं टाकायची ती सवय स्टेप ड्रिलला कामाला येते, म्हणून क्रिकेटवाल्यांना हा ड्रिल लवकर जमतो. पण पुढची अर्धी गोष्ट वेगळी आहे. गोल्फमध्ये डोकं बॉलच्या मागं राहतं, आणि डाव्या पायावर दाब आला की हिप पुढं जायचं थांबून फिरायला लागतं. डावा पाय जमीन ढकलून सरळ होतो आणि डावा खिसा मागं खेचला जातो. हिप फिरतं ते पायानं जमीन ढकलल्यामुळं, कमरेला झटका देऊन नाही. हे एक वाक्य कळलं तर बाकी अर्धं आपोआप कळतं.

बॉलला लागताना चांगल्या खेळाडूंचं बक्कल टार्गेटकडं, म्हणजे जिकडं बॉल मारायचा तिकडं, ३५-४५ अंश उघडलेलं असतं, छाती त्याच्या मागं, आणि बहुतेक वजन डाव्या पायावर. आपलं २०-२५ झालं तरी सुरुवातीला पुष्कळ.

सापळे इथं दोन आहेत, एकमेकांच्या उलट.

एक, नुसतंच डावीकडं सरकत जाणं. डाव्या पावलाच्या बाहेर पाइप उभा करा. हिप त्याला जेमतेम लागून मागं फिरलं पायजे, पाइप आडवा झाला तर सरकलात.

दोन, वरून सुरुवातच जोरात गिरकी मारून. वजन अजून उजव्या पायावर आणि हिप भर्रकन उघडतात, त्यामागं उजवा खांदा बाहेर येतो, क्लब बाहेरून आत कापत येतो आणि बॉल उजवीकडं वळत जातो, म्हणजे स्लाइस. नवीन लोकांचा हा सगळ्यात कॉमन आजार, आणि यांनाच कुणीतरी सांगतं की हिप अजून फास्ट फिरव. म्हणजे आगीत तेलच की.

व्हिडिओंबद्दल इथंच सांगतो. एक प्रो म्हणतो हिप झपकन उघडा, दुसरा म्हणतो हिप शांत ठेवा, आणि दोघंही बरोबर असतात. कारण स्विंग करताना त्यांना स्वतःला काय वाटतं ते सांगतात, प्रत्यक्ष काय होतं ते नाही. ज्याचे हिप थांबतात नि हात पुढं निघून बॉल डावीकडं हुक होतो त्याला पहिला सल्ला लागू, ज्याचे आधीच उघडतात त्याला दुसरा. आपण कोण आहोत हे कळल्याशिवाय सल्ला उचलू नका. बघायचंच असेल तर सल्ले सोडा, स्लो मोशनमधले स्विंग बघा. पुण्याचा उदयन माने आणि बेंगळुरूची अदिती अशोक हे दोघंही गोल्फर टोकियो ऑलिंपिकला खेळले, अदिती तर चौथी आली. त्यांचे समोरून घेतलेले स्विंग लावा आणि फक्त बेल्टकडं नजर ठेवा, क्लबकडं बघूच नका.

५. बूड पुढं येणं

खाली येताना कुल्ले बॉलच्या दिशेनं पुढं येतात, माणूस उभा राहतो, हातांना जागा उरत नाही. मग कधी बॉल क्लबच्या मानेला लागून आडवा उडतो, कधी क्लब बॉलच्या डोक्यावर लागून बॉल जमिनीवरून पळतो. याला इंग्रजीत अर्ली एक्स्टेन्शन म्हणतात आणि हौशी खेळाडूंमध्ये हे भरपूर दिसतं.

तीच भिंत परत. बॅकस्विंगला उजवा कुल्ला भिंतीवर, आणि खाली येताना डावा कुल्ला येऊन टेकला पायजे, मधे एका क्षणाला दोन्ही टेकलेले. भिंत पूर्ण सुटली तर बूड पुढं आलं. भिंतीवर जमलं की भिंतीऐवजी खुर्चीची पाठ मागं ठेवा आणि क्लब घेऊन अर्धा स्विंग करा, भिंतीजवळ क्लब फिरवू नका, प्लास्टरही जाईल नि मनगटही. बऱ्याच जणांचं हे खुब्याच्या कडकपणामुळं किंवा वजन चवड्यावर असल्यामुळं होतं, तेव्हा जमत नसेल तर पायरी १ आणि २ ला परत जा, इथंच हट्ट धरून बसू नका.

६. शेवट

बक्कल टार्गेटकडं, उजवी टाच पूर्ण वर, उजव्या पायाचा फक्त अंगठ्याकडचा भाग टेकलेला, सगळं वजन डाव्या पायावर. तीन सेकंद तसंच उभं राहता आलं पायजे. झोक गेला तर आधी कुठंतरी क्रम चुकलाय.

७. मोबाईलवर तपासणं

हे आठवड्यातून दोनदा तरी कराच, कारण अंगाला वाटतं एक आणि होत असतं दुसरंच. मोबाईल हाताच्या उंचीवर ठेवा, जमिनीवर ठेवून वर बघत काढलेल्या व्हिडिओत कोन सगळे खोटे दिसतात. २४० फ्रेमची सोय असेल तर ती लावा, नाहीतर १२० चालेल. दोन बाजूंनी काढायचं, एकदा समोरून, एकदा मागून म्हणजे टार्गेटच्या रेषेत. समोरून बघायचं सरकणं आणि दाबाचा क्रम. मागून बघायचं बूड पुढं येतंय का, त्यासाठी स्क्रीनवर सुरुवातीच्या बुडाला लागून एक उभी रेघ काढा आणि खाली येईपर्यंत कुल्ला रेघेवर राहतो का बघा. एका वेळी एकच गोष्ट तपासा. पाच गोष्टी एकदम सुधारायला गेलं की एकही सुधारत नाही.

टी-शर्ट आत खोचून बेल्ट लावा, सैल शर्टात हिप दिसतच नाहीत.

८. बॉल कधी आणि कुठं

भिंत, पाइप आणि स्टेप ड्रिल न अडखळता जमायला लागले की फोमचे बॉल काढा. गच्चीवर कपडे वाळवायच्या तारेवर दोन जुन्या सोलापुरी चादरी एकावर एक टाका, खालची कड मोकळी सोडा म्हणजे बॉल लागला की चादर मागं जाते आणि बॉल तिथंच पडतो. हे फक्त फोमच्या बॉलसाठी बरं का. खरा गोल्फ बॉल गच्चीवरून किंवा लोक फिरतात अशा मैदानावर अजिबात मारायचा नाही, तो दगडासारखा कडक असतो, कुणाच्या डोक्याला लागला तर जीवावर बेतेल. स्विंग करताना मागं-पुढं पोरं नाहीत हे दर वेळी वळून बघा.

सुरुवात अर्ध्या स्विंगनं, हात कमरेपासून कमरेपर्यंत, पण हिप पूर्ण क्रमानं. बॉल कुठं जातो ते सोडून द्या, फोमचा बॉल तसाही काही खरं सांगत नाही. तीन स्विंग बॉलशिवाय, एक बॉलसकट, असं चालू ठेवा.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४० च्या पुढं असतो, गच्ची संध्याकाळी सातलासुद्धा तापलेली असते. सकाळी सातच्या आत उरका, पाणी जवळ ठेवा. शेताकडं मोकळी जागा असली तरी उन्हाळ्यात काळी जमीन तडकून टणक झालेली असते, तिच्यावर आयर्न आपटली की मनगटाला झटका बसतो, तिथंही मॅट न्या.

९. पुण्याला जाताना

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, खरे बॉल मारायला आणि प्रोकडून तपासून घ्यायला पुण्याला जावंच लागतं. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं, गाडीचं टायमिंग तेवढं आधी बघून घ्या. अख्खी बॅग नेऊ नका, ७ नंबर आणि एक वेज (जवळून उंच मारायचा क्लब) एवढंच कापडी पिशवीत गुंडाळून न्या. निघायच्या आधी तिथं फोन करून विचारा, बाहेरच्यांना कुठल्या दिवशी प्रवेश आहे, रेंजचे पैसे किती, प्रोची वेळ घ्यावी लागते का. सोबत ओळखपत्र, कॉलरचा टी-शर्ट, जीन्स नको. टोपी आणि नॅपकिन.

प्रोला भेटल्यावर माझा स्विंग सुधारा असं म्हणू नका, तासभर ग्रिपपासून सुरू होईल आणि वेळ संपेल. मोबाईलमधले दोन व्हिडिओ दाखवा, खुब्याच्या टेस्टचे आकडे सांगा, आणि सरळ विचारा की माझा दाब डावीकडं वेळेवर जातो का आणि बूड पुढं येतं का. एका भेटीत एवढंच. तो जो ड्रिल देईल तो तिथंच मोबाईलवर त्याच्या आवाजासकट रेकॉर्ड करा, परवानगी विचारून. आणि पुढचे काही आठवडे गच्चीवर फक्त तोच करा, मधेच नवीन व्हिडिओ बघून बदलू नका.